दोन घड्याळं आणि तिसरा तारा

वेधशाळेत नोकरी केली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग रोज दुर्बिणीतून काय काय दिसायचं?" खरं सांगायचं तर दुर्बिणीला डोळा लावून मी काही पाहिलंय असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. मोठ्या दुर्बिणीला हल्ली कुणीच डोळा लावत नाही. तिथे कॅमेरा असतो आणि कॅमेऱ्यातले आकडे संगणकाकडे जातात. माझं काम त्या आकड्यांच्या आधीचं आणि नंतरचं. आधीचं म्हणजे दुर्बीण कुणासाठी, कुठे आणि किती वेळ वळवायची ते ठरवणं. नंतरचं म्हणजे जे हाती आलं ते असं जपून ठेवणं, की पुढे कुणालाही ते सापडावं, उघडावं आणि त्यावर विश्वास ठेवता यावा. या तिसऱ्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त दमवलं.

माझे वडील नागपूरहून भोपाळच्या वीजयंत्रांच्या मोठ्या कारखान्यात आले आणि आम्ही आनंद नगरचे झालो. इंजिनिअर झाल्यावर माझी पहिली नोकरी गोविंदपुऱ्यातल्या एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात. तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणारी दोन मशीनं, ऑर्डरी ढीगभर आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची ऑर्डर 'अर्जंट'. कुठली कॉइल आधी चढवायची याचं नियोजन मी करायचे. वेधशाळेत जागा निघाली तेव्हा मुलाखतीत संचालक डॉ. दुबे यांनी विचारलं, "आपको तारों के बारे में क्या आता है?"

म्हटलं, "कुछ नहीं सर. एक मशीन पर पचास लोगों का काम कैसे चढ़ाते हैं, वो आता है."

दुबेसाहेबांनी शेजारच्यांकडे पाहिलं. "यही तो हम लोगों को नहीं आता," ते म्हणाले.

आमची दुर्बीण रायसेनच्या पुढे एका टेकडीवर आणि कचेरी भोपाळात. मी आले तेव्हाची पद्धत साधी होती. वर्षातून दोनदा बैठक व्हायची. देशभरातून अर्ज यायचे आणि रात्री वाटल्या जायच्या. या तीन रात्री ह्यांच्या, पुढच्या चार त्यांच्या. बाकी जग अमावास्या टाळतं, आमच्याकडे मात्र अमावास्येला सगळ्यात जास्त मागणी, कारण चंद्र नसला की फिकट गोष्टी दिसतात. रात्र एकदा मिळाली की ती त्या माणसाची. ढग आले तर त्याचं नशीब. मद्रासकडचे एक प्राध्यापक दीड दिवसाचा प्रवास करून आले आणि टेकडीवर तीन रात्री ढगांखाली भजी खाऊन परत गेले. त्यांची पुढची पाळी सहा महिन्यांनी. उलटही व्हायचं. काळीभोर, स्वच्छ, स्थिर रात्र असायची आणि ती ज्याच्या वाट्याला आली त्याचा तारा इतका ठळक, की पौर्णिमेलाही चालला असता. उत्तम बासमतीची पेज करावी तसा प्रकार.

मी सुचवलं की रात्री वाटणं बंद करावं. प्रत्येकानं आपल्या कामाचे तुकडे करून द्यावेत. हा तारा, एवढा वेळ, चंद्र असला तर चालेल की नाही, हवा कितपत स्थिर हवी. समितीनं त्यांना गुणवत्तेप्रमाणे क्रम द्यावा. मग रोज संध्याकाळी आकाश कसं आहे ते पाहून संगणक त्यातला योग्य तुकडा उचलेल. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणींवर हे होऊ लागलं होतं. आमच्याकडे त्याला 'रांग' हे नाव पडलं आणि रांग म्हटल्यावर भांडणंही आली.

सगळ्यात मोठा विरोध वैशंपायन सरांचा. डॉ. वैशंपायन म्हणजे आमच्याकडचे ज्येष्ठ संशोधक, मूळ पुण्याचे. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि कुणालाही 'तुम्ही'च म्हणणार. बैठकीत मी पडद्यावर माझं वेळापत्रक दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मराठीत, म्हणजे फक्त माझ्यासाठी, म्हणाले, "वझलवारबाई, तुमच्या कारखान्यात कॉइल गुंडाळून झाली की विषय संपतो. आमच्याकडे माणूस रात्रभर बसतो, एखादी गोष्ट त्याला विचित्र दिसते आणि ठरवलेलं सोडून तो तिकडे वळतो. हे तुमचं सॉफ्टवेअर कुठल्या रकान्यात लिहिणार?"

तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला. पुढच्या बैठकीत मी वेळेचा थोडा भाग मोकळा ठेवला, वेध घेणाऱ्यानं आपल्या मनानं वापरायचा म्हणून. सर म्हणाले, "म्हणजे दानधर्म."

सहा महिने चाचणी झाली. अर्धवट राहिलेली कितीतरी कामं पुरी झाली, मद्रासच्या प्राध्यापकांची आकाशगंगाही त्यांना न येता मिळाली. पद्धत कायम झाली, आणि त्याच वर्षी सर निवृत्त झाले. त्यांना मी घालवलं असं कुणी म्हटलं नाही, मलाही तसं वाटत नव्हतं. तरी एक गोष्ट मात्र माझ्यामुळे गेली. लोक टेकडीवर येईनासे झाले. आपला तुकडा कधी होईल हे माहीत नसताना कोण येऊन बसणार? घरी बसून फाइल मिळतेच. वरची खानावळ बंद पडली. दुर्बीण चालवणारे रफीकभाई एकदा मला म्हणाले, "मैडम, पहले साहब लोग आते थे तो बहस होती थी, चाय बनती थी. अब काम दुगुना होता है, लेकिन किसी का चेहरा नहीं दिखता." यासाठीही माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रकाना नव्हता.

रांगेत गिऱ्हाइकं मात्र कारखान्यातल्यासारखीच निघाली. अर्जात 'तातडीचे' असा एक चौकोन ठेवला होता. एक गृहस्थ तो दरवेळी भरायचे. त्यांचा तारा गेली काही कोटी वर्षं जसाच्या तसा होता. मी फोन करून विचारलं की यात तातडीचं काय आहे. ते म्हणाले, "मेरा प्रमोशन." तो चौकोन मी काढून टाकला.

रांग मार्गी लागल्यावर संग्रहाचं काम हाती घेतलं. वेधशाळेची अनेक वर्षांची निरीक्षणं छोट्या कॅसेटएवढ्या चुंबकीय टेपांवर होती. त्या वाचणारं एकच यंत्र उरलं होतं आणि त्यातला टेप पुढे ओढणारा रबरी रूळ वितळून गुळासारखा झाला होता. कंपनी केव्हाच बंद झालेली. माझ्या मदतीला जुना गोविंदपुरा आला. तिथले सलुजाजी छापखान्याच्या रुळांना रबर चढवून देत. त्यांनी आमच्या इवल्याशा रुळालाही रबर चढवून दिलं. पहिलं फार कडक झालं, टेप घसरायला लागली. दुसरं जमलं. रूळ हातात देताना त्यांनी विचारलं, "मैडम, इसमें है क्या?"

"तारे."

"तारे तो ऊपर हैं. रोज़ दिखते हैं. रख के क्या करोगे?"

मी म्हटलं, "सलुजाजी, आज का तारा कल देख लेंगे. कल का तारा आज नहीं दिखेगा." ते म्हणाले, "फिर एक रोलर एक्स्ट्रा ले जाओ."

संग्रहाचा उपयोग कुणाला कधी होईल सांगता येत नाही. एकदा विदिशेकडच्या एका वकिलांचा फोन आला. त्यांच्या खटल्यातल्या साक्षीदारानं म्हटलं होतं की मी आरोपीला चांदण्यात स्पष्ट ओळखलं. त्या रात्री चांदणं होतं का? चंद्र कधी उगवला हे कुणीही सांगू शकतं. पण आमच्याकडे त्या रात्रीची नोंद होती की आकाश पूर्ण ढगाळ, घुमट उघडलाच नाही. मी लेखी दिलं, अर्थात आमच्या टेकडीपुरतं. पुढे काय झालं ते वकिलांनी कळवलं नाही. ते कुणाच्या बाजूचे होते हेही मी विचारलं नव्हतं.

टेपांमध्ये एक मोठी फट होती. काही हिवाळ्यांच्या टेप आमच्याकडे नव्हत्याच. पूर्वी ज्याची रात्र, त्याचीच टेप; संशोधक त्या घरी घेऊन जात. या होत्या वैशंपायन सरांकडे. सर आता साकेत नगरला राहायचे, मोठ्या इस्पितळाजवळच्या गल्लीत. रांगेच्या भांडणानंतर ते देतील अशी मला आशा नव्हती. मी चाचरत फोन केला, तर पलीकडून आवाज आला, "गाडी घेऊन या. स्कूटरवर मावणार नाहीत."

त्यांनी सगळ्या टेप वर्षांप्रमाणे लावून, कापडी पिशव्यांत बांधून ठेवल्या होत्या. काकूंनी पोहे केले. निघताना सर म्हणाले, "माझं काम उघडं पडू द्या. लोकांनी तपासावं. न तपासलेलं काम म्हणजे नुसतं मत."

आता सरांचं काम काय होतं ते सांगायला हवं. दोन तारे एकमेकांभोवती फिरत असतात. आपल्याला ते एकाच ठिपक्यासारखे दिसतात. पण त्यातला एक दुसऱ्याला झाकतो तेव्हा ठिपक्याचा प्रकाश कमी होतो आणि मग पुन्हा वाढतो. हे ग्रहण घड्याळासारखं ठरलेल्या वेळी होतं. सरांच्या जोडीत ते जवळजवळ पाच दिवसांनी व्हायचं. सरांच्या लक्षात आलं की दोन हिवाळे हे ग्रहण सहा-सात मिनिटं उशिरा झालं आणि नंतर पुन्हा वेळेवर यायला लागलं. याचा अर्थ त्यांनी असा लावला की तिथे न दिसणारा तिसरा तारा आहे. त्याच्या ओढीनं ही जोडी पुढे-मागे होते, आपल्यापासून दूर गेली की तिचा प्रकाश यायला जास्त वेळ लागतो. हा निबंध त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला निबंध होता. ते 'तिसऱ्या ताऱ्याचे वैशंपायन' म्हणूनच ओळखले जात.

पुढे कुणी पडताळा का घेतला नाही? कारण ग्रहणांमधलं अंतर जवळजवळ अचूक पाच दिवसांचं. एकदा ग्रहणाची वेळ आपल्या दिवसात शिरली की वर्षानुवर्षं ती दिवसाच येत राहते, अगदी सावकाश सरकत. मधली कित्येक वर्षं ते ग्रहण आमच्याकडे भर उन्हात होत होतं.

टेपा वाचून झाल्या की प्रत्येक फाइल माझ्या तपासणीतून जायची. प्रत्येक चित्राच्या माथ्यावर, म्हणजे 'हेडर'मध्ये, दोन वेळा नोंदलेल्या असतात, एक दुर्बिणीच्या स्वतःच्या घड्याळाची आणि एक कॅमेऱ्याच्या संगणकाची. त्या दोन्ही जुळायला हव्यात. एवढी बारीक तुलना पूर्वी कुणी केलीच नव्हती. शास्त्रज्ञ कॅमेऱ्याची वेळ घेऊन कामाला लागत. मी तुलना लावली आणि पडद्यावर दोन हिवाळे सलग लाल झाले. दोन घड्याळांत सहा-सात मिनिटांचा फरक होता. सरांचेच दोन हिवाळे.

मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. मग मनाला समजावलं की चूक दुर्बिणीच्या घड्याळाचीही असू शकते. कुठलं घड्याळ खोटं हे सांगायला तिसरा साक्षीदार हवा होता. तो त्याच टेपांवर सापडला. सरांचं ग्रहण आटोपलं की उरलेली रात्र ते इतरांना वापरू देत, आणि त्यातल्या एका संशोधकानं एका वेगानं सरकणाऱ्या लघुग्रहाची चित्रं घेतली होती. लघुग्रहांच्या वाटा आता इतक्या नेमक्या माहीत आहेत, की तो चित्रात कुठे आहे यावरून चित्र कधी काढलं ते सांगता येतं. मी गणित केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. कॅमेऱ्याचा संगणक मागे होता. रफीकभाईंना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं, त्या वेळी नवा संगणक बसवला होता. वीज गेली की त्याची वेळ बिघडायची आणि जो असेल तो हातातल्या घड्याळावरून ती लावायचा. पुढे उपग्रहावरून वेळ घेणारं यंत्र आलं आणि सगळं आपोआप जुळलं.

पण मागे असलेल्या घड्याळावर ग्रहण लवकर झाल्यासारखं दिसायला हवं ना? मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि सुटल्यासारखं झालं. मग कळलं की निबंधातली उशिराची दिशा आणखी एका दुरुस्तीतून आली होती. सरांना घड्याळ थोडं गडबडतंय ही शंका आली होती. त्यांनी वेध सुरू करण्यापूर्वी रेडिओच्या वेळेशी ताडून फरक मिळवला होता. पण ते आकडे नंतर ज्या प्रोग्राममधून गेले त्यातही तोच फरक त्यांनी घालून ठेवला होता. तो दोनदा मिळवला गेला आणि मागे असलेली वेळ तेवढीच पुढे गेली. काळजी घेणाऱ्या माणसाची चूक होती ती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

दुबेसाहेबांना दाखवलं. तेही निवृत्तीला आले होते. त्यांनी बराच वेळ आकडे पाहिले. "मैडम, आर्काइव का काम है जैसा है वैसा रखना. हेडर में जो टाइम लिखा है, वही रखिए. जिसको जाँचना है, जाँचेगा."

"सर, हमको मालूम है कि ग़लत है."

"वैशंपायनजी की उम्र देखिए."

हे मी आदल्या रात्रीपासून पाहत होतेच. शेवटी असं ठरलं की मूळ वेळ पुसायची नाही. ती तशीच राहील आणि तिच्याखाली दुरुस्त वेळ आणि कारण लिहायचं. संग्रह सगळ्यांसाठी खुला व्हायला अजून काही महिने होते. दुबेसाहेब म्हणाले, "लेकिन उनको पहले आप बताइए. ईमेल से नहीं."

मी साकेत नगरला गेले. सरांनी कागद हातात घेतले आणि पहिला अर्धा तास ते पूर्वीचेच वैशंपायन होते. लघुग्रहाची कक्षा कुठून घेतली, चित्राची दिशा बरोबर लावली का, चूक किती धरली. मी उत्तरं देत गेले. मग प्रश्न थांबले. कागद टेबलावर ठेवून त्यांनी ते सरळ केले, पुन्हा सरळ केले.

"आमचं घड्याळ मी स्वतः तपासत होतो," ते म्हणाले.

"हो सर. ते दिसतंय."

"तुमच्या त्या रांगेला मी विरोध केला होता. त्याचा हा हिशेब नाही ना?"

मला राग आला नाही. म्हटलं, "सर, टेपा तुम्हीच दिल्यात."

आतून काकू बाहेर आल्या होत्या. त्यांना सगळं कळत होतं असं नाही, पण सरांचा चेहरा त्यांना वाचता येत होता. सर हळू आवाजात म्हणाले, "वझलवारबाई, हे मी असेपर्यंत थांबवता येईल का? फार वर्षं नाही लागायची."

इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे कुणी याहून अवघड मागणी केली नाही. मला हो म्हणावंसं वाटत होतं. पण त्या दोन हिवाळ्यांत फक्त सरांची निरीक्षणं नव्हती. लघुग्रहवाल्यांची होती, आणखी दोघांची होती. खोट्या वेळेवर उद्या कुणीतरी नवं काम उभं केलं असतं. मी म्हटलं, "सर, तेवढं नाही जमणार."

ते उठून गॅलरीत गेले. खाली इस्पितळात आलेल्या माणसांच्या रिक्षा उभ्या होत्या. काकू मला म्हणाल्या, "तू जा आता. त्यांना बसू दे." मी निघाले. आनंद नगरपर्यंतचा रस्ता मी त्या दिवशी कसा कापला ते मला आठवत नाही.

महिनाभर काही नाही. सर समोर येतील म्हणून मी मराठी मंडळाच्या कोजागिरीलाही गेले नाही. मग एक दिवस कचेरीत त्यांचा फोन आला. आवाज कोरडा होता. "तुमच्या रांगेत उभं राहायला काय करावं लागतं?"

मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "या हिवाळ्यात ग्रहण पुन्हा आपल्या संध्याकाळी येतंय. माझा तिसरा तारा खरा असेल तर त्याच्या फेऱ्यांच्या हिशेबानं आता ते पुन्हा सहा मिनिटं उशिरा व्हायला हवं. तुमचं घड्याळ खरं असेल तर वेळेवर. वाद कशाला? बघून टाकू."

अर्ज त्यांनी स्वतः भरला. कुठल्या रकान्यात काय, हे विचारायला दोनदा फोन केला आणि प्रत्येक वेळी पद्धतीत एकेक दोष काढला. त्यातला एक दोष खरा होता, तो मी दुरुस्त केला. समितीनं त्यांना मधला क्रम दिला. मला वाटलं होतं वरचा देतील. पण समितीपुढे जाणाऱ्या अर्जावर नाव नसतं, तो नियम माझाच.

पहिल्या ग्रहणाला ढग होते. पुढच्या ग्रहणाला आकाश स्वच्छ, पण कुठल्याशा आकाशगंगेत एका ताऱ्याचा स्फोट झाला आणि वरच्या क्रमाच्या कामानं दुर्बीण तिकडे ओढून नेली. मी सरांना फोन करून सांगितलं. वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "बरोबर आहे. मीही तिकडेच वळवली असती."

तिसऱ्या वेळी, डिसेंबरच्या एका संध्याकाळी, ते काकूंना घेऊन आमच्या भोपाळच्या कचेरीत आले. टेकडीवरची चित्रं इथे पडद्यावर यायची. अंधार पडता पडता रफीकभाईंनी घुमट उघडला. फोनवरून त्यांचा आवाज आला, "सर, आदाब. आसमान आपके लायक है." सर हसले. म्हणाले, "रफीक, घड़ी देख ली?"

"सैटेलाइट वाली है सर. अब हमसे कोई नहीं पूछता."

चित्रं येत गेली. प्रत्येक चित्रातून एक ठिपका, ठिपक्याठिपक्यानं रेषा खाली उतरत होती. ग्रहण लागलं होतं. काकूंनी डब्यातून तिळाच्या वड्या काढल्या, कुणी खाल्ल्या नाहीत. रेषा तळाला पोचली, तिथे थोडी रेंगाळली आणि वर चढायला लागली. तळ नेमका कधी आला हे दोन्ही बाजू मिळाल्यावरच ठरतं, म्हणून आम्ही आणखी वाट पाहिली. मग मी गणित चालवायला बटणाकडे हात नेला, तर सर म्हणाले, "थांबा." त्यांनी कागदावर स्वतः काढलं, पूर्वी काढायचे तसं. पेन खाली ठेवलं.

"वेळेवर," ते म्हणाले.

मी संगणकाचं उत्तर पाहिलं. तेच होतं.

मग सर काकूंकडे वळून, एखाद्या पाहुण्याचं येणं रद्द झाल्यासारखं म्हणाले, "नाही आहे तो."

काकू म्हणाल्या, "मग दोघंच बरे आहेत."

सर त्यावर हसले की काय झालं त्यांना, मला नीट सांगता येणार नाही. चष्मा काढून ते बराच वेळ पुसत बसले. मी पडद्याकडे बघत राहिले.

संग्रह खुला होण्याआधीच त्यांनी दोन पानी दुरुस्ती लिहून त्याच नियतकालिकाला पाठवली. कारण स्पष्ट लिहिलं, आडपडदा नाही. सहलेखक म्हणून माझं आणि रफीकभाईंचं नाव घातलं. काही लोकांनी कौतुकाची पत्रं लिहिली. काहींनी आता त्यांना भाषणाला बोलावणं बंद केलं, हेही खरं. एका समारंभातला त्यांचा सत्कार पुढे ढकलला गेला आणि पुढे झालाच नाही. मी हे थांबवू शकले असते का, असं कधी कधी मनात येतं. आणखी काही महिने थांबले असते तर? पण त्यानं काय बदललं असतं, ते मला अजून सांगता येत नाही.

नव्या वर्षात सर कचेरीत हजर झाले. म्हणाले, "दोन हिवाळे चुकले असतील तर बाकीचे बरोबर आहेत हे कशावरून?" मी त्यांना एक खुर्ची आणि संगणक दिला. आठवड्यातून दोन दिवस ते साकेत नगरहून यायचे आणि जुनी एकेक वर्षं घेऊन, मिळतील तिथे लघुग्रह शोधून, घड्याळं तपासायचे. माझ्या सॉफ्टवेअरला जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसायचं. कुठल्या वर्षी कुणी कॅमेरा उलटा बसवला होता, कुठला माणूस वेळ लिहिताना झोपेत असायचा. आज आमच्या संग्रहातल्या जवळजवळ सगळ्या जुन्या चित्रांना तपासलेली वेळ आहे. मी होते तोवर हे काम तीन वर्षं चाललं. मी निवृत्त झाले तेव्हाही ते येतच होते.

माझ्या शेवटच्या महिन्यात त्यांना आणखी एक हंगाम चुकलेला सापडला. त्या निरीक्षणांवर त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा निबंध होता. ते गृहस्थ आता इंदूरला मुलाकडे राहत होते, फारसं हिंडणं-फिरणं नव्हतं. मी म्हटलं, "सर, मी त्यांना पत्र लिहिते. नाहीतर जाऊन येते."

"तुम्ही नको," सर म्हणाले. "मी जातो. त्याला माझ्यावर ओरडता येईल."

सकाळच्या गाडीनं गेले. दोन दिवसांनी परत आले ते थेट स्टेशनवरून कचेरीत, रिक्षावाल्याला मदतीला हाका मारत. रिक्षाच्या मागच्या सीटवर दोन खोकी होती, टेपांनी भरलेली.